काकूंचा पाय आधी सरळ होऊ दे

अगं, काकूंच्या ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून तुझी झोप उडालीय, हे तुझ्या आवाजावरूनच कळतंय. जरा टेक, चहा घे आणि माझं नीट ऐक.

खरं सांगू का, गुडघा बदलायचा म्हटलं की घरातले सगळे एकच विचारतात, "मांडी घालता येईल ना?" तू मात्र डॉक्टरांना आधी विचार, पाय पूर्ण सरळ होईल ना? मांडी न घालता दिवस निघतो गं, खुर्ची आहे, टेबल आहे. पण गुडघा वाकलेलाच राहिला तर नुसतं उभं राहतानाही मांडीचे स्नायू राबत राहतात. माणूस थोड्याशा चालण्यानं थकतो, लंगडतो.

काकूंचा गुडघा असा वाकलेला का राहिला, तेही बघ. सुजलेला सांधा थोडा वाकवून ठेवला की बरं वाटतं. वर्षानुवर्षं तसाच ठेवला की सांध्याचं मागचं आवरण आखडतं. त्यात झिजेमुळे मागच्या अंगाला जादा हाड वाढतं आणि ते आवरण खुंटीला अडकलेल्या साडीसारखं ताणून धरतं. केसपेपरवर 'एफएफडी' आणि पुढे अंश लिहिलेले असतील, तो हाच सरळ न होणारा वाक.

सर्जन हे टप्प्याटप्प्यानं सोडवतात. आधी वाढलेलं हाड काढायचं, आखडलेली लिगामेंट सैल करून दोन्ही बाजूंचा ताण सारखा करायचा. पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं. मग चाचणीचा सांधा बसवून पाय सरळ होतो का बघतात. नसेल होत, तर मागचं आवरण मांडीच्या हाडापासून सोडवतात. त्याच्याच मागे मोठी रक्तवाहिनी असते, म्हणून हे अगदी हाडाला धरून, जपून करावं लागतं. तरीही अडलं, तर मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणखी साधारण २ मिलिमीटर कापतात. नडगीचं हाड जास्त कापून हे साधत नाही, कारण त्यानं गुडघा वाकवतानाही सांधा ढिला पडतो. आणि मांडीचं हाड तरी किती कापणार? फार कापलं की सांध्याची रेषा वर सरकते, गुडघा अर्धवट वाकवला की डुगडुगतो. म्हणून हाडाला सगळ्यात शेवटी हात लावणारा सर्जन मला भरवशाचा वाटतो.

हे सगळं त्यांच्यावर सोपव. पुढचं मात्र तुझ्याकडे आहे, आणि तुला ते जमणार आहे. काकू गुडघ्याखाली उशी मागतील, भेटायला आलेली एखादी मावशी मायेनं ती सरकवेलसुद्धा. तू काढून घ्यायची! गुडघ्याखाली उशी राहिली की मिळवलेला सरळपणा पुन्हा जातो. फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढा वेळ उशी टाचेखाली दे, गुडघा गादीकडे दाबून मांडी आवळायला लाव. दुखणारच गं, म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी चुकवू नकोस. काकू रागावल्या तर रागावू देत.

आणि बघ, फार वाकलेला गुडघा सरळ केला की बाहेरच्या बाजूची नस कधी कधी ताणली जाते. ऑपरेशननंतर काकूंना पाऊल वर उचलायला सांग. उचलता येत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर सकाळच्या राउंडची वाट बघू नकोस, त्याच क्षणी नर्सला बोलाव.