भाताचे तूस आणि चिंचोक्याची खळ
(इयत्ता सातवी : कार्यानुभव व सामान्य विज्ञान यांचा जोडपाठ)

नागोठण्यावरून वाहत येणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीस मिळते. या पेण-रोहा भागातील मुलांस भाताचे पीक परिचयाचे असते. गिरणीमागे साचलेला तुसाचा ढीगही त्यांनी पाहिलेला असतो. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस निघते. पेंढा गुरांच्या मुखी जातो, तूस बहुधा वीटभट्टीत जळते. या तुसाची फळी होईल काय, असा प्रश्न विचारून पाठास आरंभ करावा.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. मुंबईत माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून फळ्या करण्याची पद्धत विकसित केली. पऱ्हाट्यांचे बारीक तुकडे करावयाचे, त्यांस चिकट द्रव्य लावावयाचे आणि तापविलेल्या दाबयंत्रात दाबावयाचे, हे तिचे सूत्र. बाजारातील भुशाच्या फळ्यांत मात्र बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड वापरतात. त्यातून सुटणारा वायू डोळ्यांस झोंबतो. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो कर्करोगकारक ठरविला. म्हणून वनस्पतिजन्य चिकट द्रव्यांचा शोध चालू आहे. सोयाबीनचे पीठ व काजूच्या टरफलाचे तेल ही त्यांतील दोन होत. कच्चे काजूतेल कातडी भाजते. ते शाळेत मुळीच आणू नये. घोंगडीस ताठपणा देणारी चिंचोक्याची खळ या पाठास पुरेशी आहे.

कृती : चिंचोके भाजून, साली काढून त्यांची पूड करावी. १ भाग पूड १० भाग थंड पाण्यात कालवून, सतत ढवळीत खळ शिजवावी. चुलीजवळचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. तुसाचे दोन समान वाटे करावेत. एक वाटा अखंड ठेवावा. दुसरा पाणी शिंपडून उखळात कुटावा. कोरडे तूस कुटू नये, कारण त्याची धूळ छातीस अपायकारक असते. दोन्ही वाट्यांत सारखीच खळ मिसळून, प्रत्येक वाटा फडक्यात गुंडाळून दोन पाटांमध्ये ठेवावा व वर दगडांचे सारखे वजन द्यावे. पुढे फळ्या सावलीत वाळवाव्यात. कच्ची मूर्ती कडक उन्हात तडकते, हे पेणच्या मुलांस सांगावे लागणार नाही. लागोपाठ दोन दिवस वजन सारखे भरले, म्हणजे फळी वाळली असे समजावे.

परीक्षा : फळी दोन विटांवर आडवी ठेवून मध्यभागी एकेक खडा वाढवीत जावे व मोडेपर्यंतचे वजन लिहावे. तुटलेला एक तुकडा तासभर पाण्यात ठेवून त्याची जाडी आधी व नंतर मोजावी. कोणती फळी सरस ठरेल, हे आधी सांगू नये; मुलांनी अंदाज लिहून मग पडताळावा.

स्पष्टीकरण : तुसाच्या बाहेरील अंगावर मेणासारखा थर व सिलिका असते. त्यामुळे पाण्यात कालविलेली खळ तेथे नीट धरत नाही. कुटल्याने आतील अंग उघडे पडते व खळीस धरण्यास जागा मिळते. वाळलेली खळही पाणी शोषून फुगते. म्हणून ही फळी कोकणच्या पावसात टिकणार नाही, हे मुलांस प्रांजळपणे सांगावे.

पेंढ्याचीच फळी का करू नये, असे एखादा विद्यार्थी विचारील. तेव्हा उन्हाळ्यात घरची गुरे काय खातात, हे त्यालाच विचारावे. टाकाऊ कशास म्हणावे, हे त्या उत्तरातून समजेल.

प्रदर्शनासाठी बाजारातील गोंद घालून फळी मजबूत करण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. मोडलेली फळी आणि तिच्याशेजारी मुलांनी स्वहस्ते लिहिलेले खरे आकडे मांडावेत. मोडलेल्या फळीचे कारण जो विद्यार्थी सांगू शकतो, त्यास हा पाठ समजला असे खुशाल मानावे.