आधी मशीन कशाला अडतंय ते बघ

चि. मुग्धा,


तुझं पत्र मिळालं. कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात म्हणून नवा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हणतेस. इतक्यात पैसे घालू नकोस. रोजच्यासारखं ब्राउझर आणि एक्सेल उघड आणि टास्क मॅनेजर बघ. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर वीस-पंचविसावर, असं दिसलं तर प्रोसेसरचा दोष नाही. ग्राफिक्स कार्डाचं तर तुझ्या कामात कामच नाही.

तुझा आय-थ्री चौथ्या पिढीचा, बोर्ड एच-८१चा. त्याच्या सॉकेटात आजचा प्रोसेसर बसतच नाही. तो हवा तर बोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल, म्हणजे निम्मा कॉम्प्युटरच नवा.

पहिला खर्च एसएसडीचा कर. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, तरी बारीक बारीक फाइली वाचताना तिचं डोकं सारखं इकडून तिकडे सरकत राहतं आणि सगळा वेळ त्यातच जातो. एसएसडीत हलणारं काही नसतंच. अडीच इंची साटा घे, २५६ जीबी पुरे. तुझ्या बोर्डावर साटाचे वेगवान पोर्ट दोनच असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून केबल त्यातल्याच एकाला लाव.

मग रॅम. चार जीबी आजच्या ब्राउझरला पुरत नाही, आणखी चारची पट्टी घाल. पण डीडीआर-३चीच हं! मी एकदा घाईत डीडीआर-४ आणली. खाच जुळत नव्हती, तरी अंगठ्याने दाबली आणि स्लॉटची कड तडकली. तो आवाज अजून विसरलो नाही. डीडीआर-३ आता बहुतेक जुनीच मिळते. लॅमिंग्टन रोडला गेलीस तर दुकानातच लावून दाखवायला सांग.

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि विंडोज ११च्या यादीत तुझा प्रोसेसर नाही. नव्या एसएसडीवर लिनक्स मिंट टाक. हिशेबाच्या शीट लिब्रेऑफिसमध्ये उघडतात.

कॅबिनेट उघडण्याआधी आजोबांचे फोटो दुसरीकडे उतरवून घे. ते त्या जुन्या डिस्कवरच आहेत, आणि ताई म्हणत होती की ती हल्ली टकटक करते. हे आजच कर, बाकी सगळं पुढच्या रविवारी.

तुझा
मामा