ती पांढरी, छोटी गोळी

“कोणती औषधं चालू आहेत?” या प्रश्नाला आमच्याकडे हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, “ती नाही का डॉक्टर, पांढरी, छोटी गोळी.” आता बीपीची गोळी बहुतेक वेळा पांढरी आणि छोटी असते, थायरॉइडची असते, लघवीवाटे पाणी काढणारीही असते. म्हणून माझी वाचकांना पहिली विनंती अशी, की पुढच्या खेपेला दवाखान्यात येताना औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन या. फाइलही आणा. पण फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं असतं आणि पिशवीत तुम्ही खरोखर घेता ते असतं. दोन्हींत बरंच अंतर असतं. शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची गोळी, मुलीने आणलेलं कॅल्शियम, जाहिरात बघून मागवलेलं चूर्ण हे सगळं त्या पिशवीत टाका. आम्ही रागावत नाही. निदान रागावू नये.

पिशवी टेबलावर उलटी केली की सगळ्यात आधी दिसते ती एकाच औषधाची दोन पाकिटं. कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंगही वेगळा, पण आतलं औषध एकच. तालुक्याच्या डॉक्टरांनी एका नावाने लिहिलेलं असतं, पुण्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने, आणि आजोबा दोघांचा मान राखून दोन्ही घेतात. जोडगोळ्यांनी तर गोंधळात भरच घातली आहे. टेल्मिसार्टनच्या नावापुढे ‘एएम’ असेल, तर त्यात बहुधा अ‍ॅम्लोडिपिन आधीच असतं. वर अ‍ॅम्लोडिपिनची वेगळी गोळी चालू राहिली, की दुप्पट डोस पोटात जातो. या औषधाने काहींच्या घोट्यांवर सूज येते, डोस वाढला की जास्त येते. मग सुजेसाठी पाणी काढणारी गोळी येते, तिच्यामुळे पायांत गोळे येतात, गोळ्यांसाठी आणखी काहीतरी येतं. सुरुवात कुठून झाली, हे पिशवी पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं नाव सोडा आणि बारीक अक्षरांतलं औषधाचं मूळ नाव वाचा. जनऔषधी दुकानात तर त्याच नावाने औषध मिळतं. मेडिकलवाला पाकीट कापून चार गोळ्या देणार असेल, तर नाव आणि एक्स्पायरी असलेला तुकडा तुमच्याकडे राहील असं बघा, नाहीतर नावाचा फोटो काढून घ्या.

दुसरी हमखास सापडणारी वस्तू म्हणजे अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं ‘साधी’ वाटतात, कारण ती सहज मिळतात. पण त्यांनी बीपी वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि पाणी काढणारी गोळी आधीच चालू असेल, तर तिसरी ही म्हणजे मूत्रपिंडाला तिन्ही बाजूंनी घेरणं झालं. त्यात उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, की क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत चढू शकतं. गुडघे दुखतात हे खरंच आहे. त्यासाठी आधी पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, शेक आणि मांडीचे व्यायाम हा रस्ता डॉक्टरांना विचारून धरा.

आता उपवास. आमच्या भागात साखरेच्या पेशंटची सगळ्यात मोठी गडबड उपवासाच्या दिवशी होते, आणि ती दोन्ही दिशांनी. संकष्टीचं उदाहरण घ्या. सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, दिवसभर चहा आणि एखादं केळं, आणि जेवण चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री आठ-नऊ किंवा त्याही पुढे. ही गोळी तुमचा उपवास आहे की नाही हे बघत नाही, ती इन्सुलिन सोडायला लावते आणि साखर उतरत जाते. संध्याकाळी घाम फुटतो, हात थरथरतात, बाई विनाकारण चिडते किंवा असंबद्ध बोलते. घरचे म्हणतात, उपवास बाधला. ग्लुकोमीटर असेल तर बघा. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मीटर नसेल पण लक्षणं हीच असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, गरज वाटली तर परत द्या, आणि मग जेवायला घाला. चंद्राची वाट बघू नका. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एकादशीला नेमकं उलट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ, त्यात बटाटा, सोबत रताळ्याचा गोड कीस. दुसऱ्या दिवशी साखर तीनशेवर दिसते आणि पेशंट शपथेवर सांगतो, की काल काहीच खाल्लं नाही. उपवास सोडा असं मी कुणाला सांगत नाही, सांगून उपयोगही नसतो. पण थोडीशी भगर, दाण्याची आमटी, ताक आणि काकडी यांवर एकादशी उत्तम पार पडते. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती टाळायची, इन्सुलिन किती कमी करायचं, हे सण यायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करणं जिवावर बेतू शकतं.

बीपीचं मशीन आता घरोघरी आलं आहे. दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, आणि मिशरीही नाही. आमच्याकडच्या कित्येक आज्यांना मिशरी म्हणजे तंबाखूच हे मान्यच नसतं. लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेकवा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडलेला एकच नको. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर ती जास्त समजतात. रागाच्या भरात, भांडणानंतर, दर तासाला मोजत बसलात तर आकडा तुम्हालाच घाबरवील.

आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करणारे तर आठवड्याला भेटतात. “सवय लागेल” ही भीती असते. बीपी ताब्यात आहे ते बहुधा त्या गोळीमुळेच. मीठ आणि वजन कमी झालं तर डोस कमी होऊही शकतो, पण ते ठरवायला आकड्यांची वही हवी.

घरातल्या सगळ्यांच्या गोळ्यांचं वेळापत्रक साधारणपणे एकाच बाईच्या डोक्यात असतं. ती स्वतःची थायरॉइडची गोळी मात्र पहाटे चहासोबत, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदमच गिळून टाकते. ती गोळी साध्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम किंवा लोह चार तासांनी. टीएसएच वाढलेलं दिसलं की डोस वाढवण्याआधी एवढं विचारावं.

आणि ती बाई चार दिवस माहेरी गेली तर? म्हणून एक कागद करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, आजार, औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, कशाची अ‍ॅलर्जी, आधी कोणतं ऑपरेशन झालं. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, फोटो बाहेरगावी असलेल्या मुलांना पाठवा. वर तारीख घाला. औषध बदललं की नवा कागद लिहा आणि जुना फाडून टाका. दोन्ही घरात राहिले, तर घाईच्या वेळी जुनाच हाती येतो.