लंडनहून डिस्नेलँडला : व्हिसा भारतातूनच काढून निघा

सुरतमधल्या उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातल्या आपल्या खानदेशी घरांतली बरीच मुलं आता इंग्लंडला आहेत. उन्हाळ्यात आई-वडील त्यांच्याकडे जातात आणि नातवंडांचा हट्ट ठरलेला असतो : समुद्राखालून जाणाऱ्या गाडीत बसायचं आणि पॅरिसचं डिस्नेलँड बघायचं. हा हट्ट जरूर पुरवावा. पण आमच्या सहलीत माझे साडू आणि मेहुणी लंडनमध्येच मागे राहिले. सेंट पँक्रस स्टेशनवर नातू मागे वळून वळून आजीला हाका मारत होता. तसं कोणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

साडूंना आमच्या भागातल्या एका एजंटाने सांगितलं होतं, "इंग्लंडचा व्हिसा आहे ना, मग फ्रान्सचं तिकडे गेल्यावर बघता येईल." हे साफ चुकीचं आहे. इंग्लंडच्या व्हिसावर फ्रान्समध्ये पाऊल टाकता येत नाही. फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि तो आपण जिथे राहतो त्या देशातून काढायचा असतो. लंडनला पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाचा अर्ज तिथे सहसा घेत नाहीत. आपल्याला त्यासाठी अहमदाबाद किंवा मुंबईच्या व्हीएफएसच्या व्हिसा-अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. जून 2024 पासून मोठ्यांची फी 90 युरो आहे, केंद्राचं शुल्क वेगळं. शिवाय किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा हवा. साडूंची गाडीची आणि पार्कची तिकिटं वाया गेली. पैशाचं दुःख ओसरलं, पण मेहुणीच्या मनातली खंत अजून गेलेली नाही.

नातवंडांचे पासपोर्टही एकदा उघडून बघा. मूल लंडनमध्ये जन्मलं म्हणजे ते ब्रिटिश झालं, असा आपल्याकडे समज आहे. जन्माच्या वेळी आई-वडिलांपैकी कोणीही ब्रिटिश नागरिक नसेल, आणि दोघांपैकी कोणालाही तिथे कायमचं राहण्याचा हक्क मिळालेला नसेल, तर मूल आपोआप ब्रिटिश होत नाही. मग भारतीय पासपोर्टवरच्या त्या लहानग्यालाही स्वतंत्र शेंगेन व्हिसा लागतो. तो मात्र त्याचे आई-वडील लंडनमधून काढू शकतात, कारण ते तिथले रहिवासी आहेत.

दुसरी गोष्ट गाडीची. लंडनहून थेट डिस्नेलँडच्या दारात नेणारी युरोस्टार 1996 पासून होती, ती जून 2023 मध्ये बंद झाली. जुनी माहिती मात्र अजून तोंडोतोंडी फिरते. आता दोन रस्ते आहेत. एक, फ्रान्समधल्या लीलला उतरून तिथून फ्रान्सची वेगवान गाडी धरायची. ती मार्न-ला-व्हाले–शेसी स्टेशनला सोडते आणि पार्क तिथून समोरच आहे. लहान मुलं आणि गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर मी हाच रस्ता सांगेन. दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ मात्र ठेवा. दुसरा रस्ता पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून. तिथून आरईआर बी या लोकलने शातले–ले आलला जायचं आणि आरईआर ए धरून शेवटच्या स्टेशनपर्यंत बसायचं. ए गाडी पुढे दोन फाट्यांनी जाते, म्हणून फलाटावरच्या पाटीवर शेसीचं नाव उजळलेलं दिसल्याशिवाय चढू नका. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा. गार द्यू नॉरला खिसेकापूंचा उपद्रव फार आहे, पासपोर्ट शर्टाच्या आत ठेवा.

आपल्याला उधन्याला भुसावळची गाडी हलताहलता पकडायची सवय. युरोस्टारला मात्र विमानतळासारखी तपासणी असते आणि फ्रान्सचे अधिकारी लंडनच्या स्टेशनातच पासपोर्टवर शिक्का मारायचे. आता, ऑक्टोबर 2025 पासून, शिक्क्याच्या जागी फोटो आणि बोटांच्या ठशांची नोंद टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे रांग लांबते. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी आत जायची फाटकं बंद होतात, सामान्य डब्याच्या प्रवाशाने तरी दीड तास हाताशी ठेवावा. परतताना तर पॅरिसच्याच स्टेशनात इंग्लंडचे अधिकारी पुन्हा तपासतात. इंग्लंडचा व्हिसा परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे आणि त्यावर पुन्हा प्रवेश करता येतो, हे निघण्याआधीच पाहा.

खाण्याचंही सांगतो, कारण आपल्या बायकांचा जीव त्यात असतो. इंग्लंडहून युरोपात मांस आणि दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तुपाचा डबा आणि पेढे मुलाच्या घरीच ठेवा. कळण्याची भाकरी, लसणाची कोरडी चटणी, शेव, मुरमुऱ्याचा चिवडा यांना अडचण नाही. डिस्नेलँडमध्ये शाकाहारी जेवण मिळतं, पण महाग आणि मिळमिळीत. दुपारी नातवंडं तीच भाकरी मागतात, हे मी पाहिलं आहे.

आणि समुद्राखालच्या बोगद्याबद्दल नातवंडांना आधीच सांगून ठेवा. तो 50 किलोमीटरचा आहे, त्यातले सुमारे 38 समुद्रतळाखाली. 1994 मध्ये सुरू झाला. आत असताना खिडकीतून फक्त काळोख दिसतो, आणि मासे दिसतील म्हणून काचेला नाक लावून बसलेली पोरं हिरमुसतात. वीसेक मिनिटांनी एकदम फ्रान्सची शेतं दिसू लागतात, ते दाखवा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळी उरकली की भेटीची वेळ घ्या. परत न होणारी तिकिटं व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नका, आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचा पासपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एजंटाच्या शब्दावर राहू नका.