प्राध्यापक संघटना : नव्या प्राध्यापकासाठी

प्राध्यापक संघटना कामगार संघटनेसारखी लढते, पण कायद्याच्या लेखी शिक्षक हा कामगार नव्हे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तसा निर्णय दिला. औद्योगिक विवादांच्या कायद्याचा आसरा नसल्यामुळे बडतर्फ प्राध्यापकाला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे धाव घ्यावी लागते. तिथला वकील, कागद आणि तारखा एकट्याला पेलत नाहीत; संघटना लागते ती इथे.

महाराष्ट्रात या संघटना विद्यापीठवार उभ्या राहिल्या. मुंबईत बुक्टू, पुण्यात पुक्टो, विदर्भात नुटा; त्यांचा महासंघ एम्फुक्टो. त्यांची नावे वर्तमानपत्रात झळकतात ती बहिष्काराच्या वेळी, खरे काम मात्र फायलींत चालते. स्थाननिश्चितीचेच, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत जाण्याचेच, पाहावे. नेमणुकीचा आदेश, विद्यापीठाची मान्यता, उद्बोधन वर्गाचे प्रमाणपत्र, सेवापुस्तकातील नोंद, यांतली एक तारीख जुळली नाही की सहसंचालक कार्यालयातून फाइल त्रुटी लागून परत येते. संघटनेतला मुरलेला कार्यकर्ता ती चूक आधीच हेरतो, कारण जुने शासन निर्णय त्याला तोंडपाठ असतात. नुटाचे बुलेटिन अशाच कागदपत्रांनी भरलेले असते. वाचायला रूक्ष, पण नव्या प्राध्यापकाने चाळावेच.

बहिष्कार हे दुधारी हत्यार आहे. २०१३ मध्ये एम्फुक्टोने परीक्षेच्या कामावर तीन महिन्यांहून अधिक काळ बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांची सेवा हे मुख्य प्रश्न होते. २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने त्या सेवा नियमित झाल्या, पण निर्णयाच्या तारखेपासून. आधीची वर्षे बाजूलाच राहिली. ७१ दिवसांचा पगार कापला गेला आणि त्यासाठी पुढे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागले. मागण्या रास्त होत्या. तरीही निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा त्यात काही दोष नव्हता, आणि एवढे मान्य करायला संघटनेने कचरू नये.

अधिसभा आणि अभ्यास मंडळांच्या निवडणुकांतही संघटना पॅनेल उभे करतात. त्यात गटबाजी असते, पण विद्यापीठाच्या कारभाराला जाब विचारणारेही बहुधा याच वाटेने आत जातात.

आजची खरी कसोटी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची, म्हणजे सीएचबीवाल्यांची आहे. रिक्त जागांवर तेच वर्ग घेतात. मिळते ते ताशी मानधन, तेही उशिरा. वेतन आयोगासाठी पोटतिडकीने भांडणाऱ्या कायम प्राध्यापकांनी या सहकाऱ्यांना बराच काळ उपऱ्यासारखे वागवले, आणि संघटनांची ताकद त्याने घटलीच. म्हणून वर्गणीची पावती फाडण्याआधी नव्या सभासदाने पदाधिकाऱ्यांना एवढे विचारावेच : सीएचबीच्या शिक्षकाला इथे सभासद होता येते का, आणि मताचा अधिकार मिळतो का?