हिब्रूतून शाळा : फुकटापासून चाळीस हजार डॉलरपर्यंत

न्यूयॉर्कमध्ये लहान मुलाला हिब्रूच्या वातावरणात शिकवायचं, तर एक डॉलरही फी न घेणाऱ्या शाळा आहेत आणि वर्षाला चाळीस हजारांच्या वर घेणाऱ्याही. कुठेही गेलात तरी फीच्या आधी एकच विचारा : दिवसातले किती तास हिब्रूतून?

चार्टर शाळा : ब्रुकलिनची हिब्रू लँग्वेज अकॅडमी २००९ साली सुरू झाली, हार्लेमची शाळा २०१३ साली. सरकारी पैशावर चालत असल्याने इथे फी नाही आणि धर्मशिक्षणही नाही. प्रवेश कुठल्याही धर्माच्या मुलाला, म्हणजे तिथल्या मराठी घरांनाही खुला आहे. हिब्रू रोज, साधारण तासभर. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भरायचा. अर्ज जास्त आले की सोडत निघते. खिशातून पैसे जातात ते गणवेश, सहली आणि शाळा सुटल्यावर मूल सांभाळण्याचे.

ज्यू डे स्कूल : मॅनहॅटनच्या नामांकित शाळांत फी चाळीस हजारांपुढे. नोंदणी, सुरक्षा, इमारत निधी आणि 'अपेक्षित' देणगी धरून एकूण आकडा लेखी मागा. फीसवलत बऱ्याच जणांना मिळते. तिचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा, कराची कागदपत्रं तयार ठेवा. धार्मिक विषय हिब्रूतून शिकवतात की इंग्रजीतून, हेही विचारा. इंग्रजीतून असतील, तर हिब्रूचे तास कमी होतात.

सिनेगॉगचे वर्ग : आठवड्यातून दोन-चार तास, बहुधा रविवारी. फी कमी, पण अनेक ठिकाणी सभासदत्वाची वर्गणी वेगळी. भर प्रार्थना वाचण्यावर असतो; त्यातून मूल बोलू लागेल, ही अपेक्षा ठेवू नका.

करात काय सुटतं? : आईवडील दोघंही कमावते असतील, तर किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गांची फी बालसंगोपन खर्च म्हणून केंद्रीय करसवलतीत धरता येते. पुढच्या इयत्तांची नाही. शाळेनंतरचं पाळणाघर मात्र तेरा वर्षांखालच्या मुलासाठी चालतं. शालेय फीसाठी ५२९ या शैक्षणिक बचत खात्यातून पैसे काढायला केंद्राची हरकत नसली, तरी न्यूयॉर्क राज्य त्यावर करसूट देत नाही.

बघायला जाल तेव्हा : गाण्याच्या तासाला नको, खाऊच्या वेळी बसा. मुलाने इंग्रजीत पाणी मागितलं, की बाई पेला हातात धरून 'मायिम?' म्हणत थांबतात का, मूल तो शब्द उच्चारतं का, आणि बुटाची नाडी बांधतानाही बोलणं हिब्रूतच चालतं का, ते पाहा. तसं दिसलं नाही, तर फुकट जागेसाठीसुद्धा मुलाला रोजचा लांबचा सबवे प्रवास घडवू नका.