प्रौढ नराला आमिष नको, निर्धास्त रान हवे

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मध्यभागातील 80 एकर वनजमीन खरेदीखत होऊन माझ्या कब्जात आली, तेव्हा आधीच्या मालकाकडून हरणांच्या शिकारीचा इजारा घेतलेल्या मंडळींची व्यवस्था तेथे जशीच्या तशी उभी होती: ओकवृक्षांच्या ऐन मध्यावर मचाण, समोर मक्याचे आमिष, आणि मचाणापर्यंत वाहन नेता यावे म्हणून रानाचा गाभा चिरीत गेलेला रस्ता. आमिषाला त्या काळी आमच्या काउंटीत मर्यादित मुभा होती. परंतु एवढा बंदोबस्त करूनही त्या मंडळींच्या हाती कोवळ्या नरांपलीकडे काही लागले नव्हते. मक्यावर दिवसाउजेडी येत त्या माद्या आणि दीड वर्षाचे नर. ज्याची मान छातीत मिसळून गेली आहे आणि पोट झुकल्यामुळे ज्याचे पाय आखूड भासतात, असा श्वेतपुच्छ हरणाचा प्रौढ नर रानात लावलेल्या कॅमेऱ्यात उमटे तो मध्यरात्रीनंतर, आणि तोही वाऱ्याखालच्या अंगाने लांबून वळसा घालून.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकारीची प्रथा संपुष्टात आणली. सबब इकडे स्थायिक होऊन परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला प्रौढ नराच्या शिकारीचे ज्ञान घरच्या वडीलधाऱ्यांकडून मिळण्याची शक्यता थोडी, म्हणून अनुभवाअंती पटलेले येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट ही, की चार-पाच हंगामांतून जो वाचला, तो माणसाचा गंध टाळूनच वाचला. मी तो रस्ता बंद केला, गाभ्यात पाऊल टाकणे हिवाळ्याअखेरीपुरते राखले, मचाण हद्दीलगत हलविले, आणि वारा झाडीकडे वाहत असेल त्या दिवशी त्यावर न चढण्याचा दंडक घातला. दाटीने वाढलेली काही झाडे विरळ केल्यावर जमिनीवर ऊन पोहोचले व तेथे झुडपांचा आडोसा माजला. पुढे नोव्हेंबरात, माजाच्या ऐन भरात, तसा नर भर दुपारी त्या आडोशाच्या कडेने चालताना दिसू लागला.

त्याचा शोध घ्यावयाचा तो खुणांवरून. मनगटाहून जाड खोडावर शिंगे घासून सोललेली साल बहुधा मोठ्या नराची साक्ष देते. लोंबती फांदी चाटून व कपाळ घासून तिच्याखालची जमीन खुरांनी उकरलेली आणि त्यावर मूत्र सोडलेले आढळले, तर ते नरांचे निरोपाचे ठिकाण समजावे. मात्र अशा जागी भेटी बहुतांशी रात्री होतात, म्हणून मचाण तेथे न बांधता विश्रांतीच्या झाडीपासून तिकडे येणाऱ्या वाटेवर बांधावे. खाद्याची तरतूद करावयाची तर क्लोव्हरचा पट्टा पेरावा आणि पांढऱ्या ओकची झाडे जपावीत. त्यांची फळे कमी तुरट असल्याने हरणे ती आवडीने खातात.

मक्याचा ढीग प्रौढ नराला दिवसा ओढीत नाही हे खरेच, पण त्याविषयीचा दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. हरणांना क्षीण करून मारणारा, प्रायॉन या विकृत प्रथिनांपासून होणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा असाध्य रोग या राज्यात 2002 साली प्रथम आढळला. तो लाळ, मूत्र व विष्ठेवाटे पसरतो, त्याचे द्रव्य मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि एका ढिगावर अनेक तोंडे येणे म्हणजे त्याला आमंत्रणच होय. म्हणूनच रोग आढळलेल्या काउंटींत आमिषाला कायद्याने मनाई आहे. प्रायॉन शिजविल्यानेही नष्ट होत नाहीत. तेव्हा अशा भागातील मांस तपासणीचा दाखला आल्याखेरीज खाऊ नये.

शेवटची विनंती शेजारधर्माची आहे. प्रौढ नराचा वावर कित्येकशे एकरांवर असतो, आणि कोवळे नर तर जन्मभूमी सोडून मैलोगणती दूर जातात. एकट्याच्या 80 एकरांत कोणाचाही नर पाच वर्षांचा होत नाही. यासाठी हद्दीला हद्द लागलेल्या सर्व मालकांना हंगामापूर्वी एकत्र बसवावे आणि दीड वर्षाच्या नरावर कोणीही बंदूक उचलू नये, एवढा एकच करार आधी करावा.